आपले संकेतस्थळ लोकांस सापडावे कसे?

(ज्ञातिमंडळाच्या बिलोली येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



व्यापारधंद्यास उपयुक्त अशा विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चालकांनी केली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांनी दुकानाचे, शिकवणीवर्गाचे किंवा शेतमालाच्या व्यापाराचे संकेतस्थळ काढले आहे. त्यावर पैसा खर्च झाला; परंतु गिऱ्हाईक काही तिकडे फिरकत नाही, अशी तक्रार कानी येते. मग एखादे दिवशी दूरध्वनी येतो, "गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देतो," असे आश्वासन मिळते, आणि दरमहा रक्कम सुरू होते. त्या रकमेचे मोल आपले आपणांस ठरविता यावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

गूगल ही संस्था लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली स्थापिली. त्यांचे यंत्र एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात पाने वाचीत सुटते आणि ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दांची सूची करून ठेवते. आपण प्रश्न विचारतो तेव्हा ते जग धुंडाळीत नाही. ही तयार सूची चाळते. तेव्हा ज्या पानाचा सूचीत प्रवेश झाला नाही, ते कितीही देखणे असो, नसल्यातच जमा. क्रम लावण्याची मूळ कल्पना त्यांनी विद्वानांच्या रीतीवरून घेतली. ज्या ग्रंथाचा आधार पुष्कळ जाणते लोक देतात तो ग्रंथ मोठा, तसेच पानाचे. आज त्यात इतर अनेक कसोट्यांची भर पडली आहे.

आता आपल्या मराठी माणसाची खास अडचण. एकेकाळी आपल्याकडील पुष्कळ मजकूर कृतिदेवासारख्या टंकांत जुळविला जाई. त्यात डोळ्यांस देवनागरी दिसे. यंत्राच्या पोटात मात्र रोमन अक्षरेच साठविली जात. कृतिदेवात लिहिलेला 'मराठी' हा शब्द यंत्राच्या लेखी ई, जे, के, बी, एच एवढाच असतो! तो 'मराठी' म्हणून शोधणाऱ्यास सापडावा कसा? छापखान्यातील जुना मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चढविला, तर हाच प्रकार घडतो. उपाय एकच: मजकूर युनिकोडात असावा. जाहिरातीचे रंगीत चित्र करून त्यातच पत्ता, भाव आणि वेळ लिहिण्याची हौसही आवरावी. चित्रातील अक्षरे यंत्र कधी ओळखते, कधी ओळखीत नाही. त्यावर व्यापार सोडू नये.

यापुढील गोष्ट शब्दांच्या निवडीची, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची. दुकानाच्या पाटीवर 'वस्त्रभांडार' हा शब्द शोभतो खरा, पण लग्नाचा बस्ता बांधू पाहणारी गृहिणी 'लग्नाच्या साड्या' असेच शोधणार. आपला तालुका तर तेलंगणाच्या सीमेवरचा. मांजरेपलीकडील बोधनचे गिऱ्हाईक आपल्याकडे येते, आपले तिकडे जाते. मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी एकाच बाजारात नांदतात. पुष्कळ तरुण मराठी शब्दही रोमन लिपीत टंकित करतात. देगलूर हे नाव रोमनमध्ये कोणी 'यू' घालून लिहितात, कोणी दोन 'ओ' घालून. तेव्हा गिऱ्हाइकाच्या तोंडी कोणते शब्द आहेत हे गल्ल्यावर बसून ऐकावे आणि तेच पानावर सहजपणे येऊ द्यावेत. एकच शब्द वीस वेळा घोळविण्याचे मात्र कारण नाही. वाचकास त्याचा वीट येतो आणि यंत्रासही ती लबाडी कळते.

प्रत्येक पानास शीर्षक असते. कित्येक ठिकाणी तेथे नुसते 'मुख्यपृष्ठ' असे लिहिलेले आढळते. शेजारच्या धर्माबादेस मिरचीचा मोठा बाजार आहे. तेथील व्यापाऱ्याने 'सुकी लाल मिरची, ठोक विक्री, धर्माबाद' असे शीर्षक दिले, तर दूरच्या खरेदीदारास पान उघडण्यापूर्वीच कळते की आपले काम येथे होईल.

ज्यांचे दुकान गावातच चालते, त्यांनी गूगलच्या नकाशावर आपली नोंद करावी. ती विनामूल्य असते. नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक तेथे आणि संकेतस्थळावर तंतोतंत एकच असावेत. पान मोबाइलवर नीट उघडते की नाही हेही पाहावे, कारण गूगल आता मोबाइलवरील रूप वाचूनच सूची करते.

आता त्या दूरध्वनीवाल्यांविषयी. पैसे भरून मिळते ती जाहिरात, आणि ती तशी छाप मारूनच दाखविली जाते. खालच्या नैसर्गिक क्रमवारीतील जागा गूगल विकत नाही, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणी देऊ शकत नाही. पानाच्या पोटात 'कीवर्ड'ची गुप्त यादी भरून देण्याचेही काही जण पैसे घेतात. ती यादी आपण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. विकत घेतलेल्या दुव्यांचा तर उलट परिणाम होतो. २०१२ पासून अशी संकेतस्थळे मागे ढकलली जाऊ लागली. प्रामाणिक कारागीर या धंद्यात नाहीत असे नव्हे. तो काय काय केले ते दाखवितो, आणि फळ दिसण्यास काही महिने लागतील असे आधीच सांगतो. आपली कोणती पाने सूचीत आहेत व लोक कोणते शब्द शोधून येतात, हे गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये फुकट पाहता येते. त्याचा ताबा मालकाने स्वतःकडे ठेवावा. दुकानाची किल्ली कोणी परक्याच्या हाती देतो काय?

एका गोष्टीची मात्र उलट दिशेने काळजी घ्यावयास हवी. ज्ञातिमंडळे वधूवरांची सूची संकेतस्थळावर ठेवू लागली आहेत. ती उघड्यावर असली, तर आपल्या मुलींची जन्मतारीख, छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक यंत्र तितक्याच तत्परतेने जगापुढे मांडील. यंत्रासाठी 'येथे येऊ नये' अशी सूचना ठेवणे पुरेसे नाही, कारण दुसऱ्या कोणी दुवा दिल्यास पानाचा पत्ता तरीही शोधात उमटू शकतो. अशी सूची संकेतशब्दाच्या कुलपाआडच हवी. जुन्या उघड्या सूच्या प्रथम संकेतस्थळावरून उतराव्यात, आणि मग त्या शोधातून लवकर काढण्याची विनंती 'सर्च कन्सोल'मधून करावी. या वर्षीची सूची चढविण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने हे काम उरकावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.