विकायचं, पण खपवायचं नाही

मागच्या भागानंतर पुण्याच्या एका श्रोत्याने विचारलं, "कॅनडात गांजा कायदेशीर आहे, म्हणजे किराणा दुकानातही मिळतो का?" नाही हो. 17 ऑक्टोबर 2018 ला कायदा लागू झाला, पण मी राहते त्या मिसिसागा शहराने दुकानांना चक्क नकार दिला होता. ओंटारियो प्रांताने शहरांना तशी मुभाच दिली होती. 2023 मध्ये आमच्या नगर परिषदेने निर्णय फिरवला.

दुकान काढायचं तर वेगळा परवाना लागतो, शाळेपासून 150 मीटरच्या आत ते चालत नाही, आणि गिऱ्हाईक 19 वर्षांचं हवं. पाकीट साधं, एकरंगी, त्यावर पिवळ्या चौकटीत इशारा. खायच्या पदार्थांच्या अख्ख्या पाकिटात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, 10 मिलिग्रॅमच्या वर नको. घरात वयात येणारा मुलगा आहे, त्यामुळे हा नियम मला तरी पटतो.

खरी मेख आहे ती करात. सुक्या फुलावर उत्पादकाला ग्रॅममागे एक डॉलर किंवा त्याच्या विक्रीकिंमतीच्या 10 टक्के, यातलं जे जास्त ते भरावं लागतं. भाव दहा डॉलर असेल तर दोन्ही हिशेब सारखेच येतात. पण भाव घसरले. समजा उत्पादकाला तीनच डॉलर मिळाले, तर त्यातला एक सरकारचा! अनेक उत्पादकांची कराची थकबाकी साचली आहे, याचं मला नवल वाटत नाही. तुम्ही म्हणाल, बुडू देत की. पण ते बुडाले तर गिऱ्हाईक पुन्हा चोरट्या विक्रेत्याकडे जाईल, आणि तो ना वय विचारतो, ना मालाची तपासणी करतो.

त्यातही गंमत बघा. फूल सौम्य असो की कडक, ग्रॅमचा डॉलर तोच. म्हणजे तेवढ्याच करात जास्त नशा! खाद्यपदार्थांवर मात्र टीएचसीच्या मिलिग्रॅममागे एक सेंट कर आहे. फुलालाही हेच माप लावायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक पिकाची तपासणी होतेच, टक्केवारी पाकिटावर छापलेली असते.

आणि हो, पुण्याला येताना यातलं काही आणायला सांगू नका. सीमेपलीकडे नेणं कॅनडाच्याच कायद्याने गुन्हा आहे.