हस्ताचा पाऊस, चित्रेचा पाऊस

पर्जन्यमापकात साठलेले पाणी हवामान खात्यात सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि त्या दिवसाच्या नावावर मांडतात. म्हणूनच १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादेवर कोसळलेला पाऊस दप्तरात १४ तारखेस सापडतो. बेगमपेठ वेधशाळेतील तो आकडा १९१.८ मिलिमीटर आहे. ऑक्टोबर महिन्याची तेथील सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका रात्रीने जवळजवळ दोन महिन्यांचे माप ओतले! ऑक्टोबरातील एका दिवसाचा आधीचा उच्चांक १९०३ सालचा, ११७.१ मिलिमीटरचा होता.

चित्रा नक्षत्रात मोसमी पाऊस परतीला लागलेला असतो. मग हे पाणी आले कोठून? बंगालच्या उपसागरातील वादळी पट्टा काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकला आणि तेलंगण भिजवून सोलापूर जिल्ह्यात उतरला. पंढरपूरकरांनाही त्याचा तडाखा विसरता येणार नाही.

हैदराबादच्या जुन्या माणसांना अशा वेळी १९०८ आठवते. २८ सप्टेंबरचा तो दिवस, हस्त नक्षत्र. शमशाबाद येथे ४८ तासांत १८.९ इंच, म्हणजे सुमारे ४८० मिलिमीटर पाऊस झाला. मुसीच्या खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले. एकाचे पाणी दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर, आणि सारे मिळून शहरावर. बळी सुमारे पंधरा हजार सांगतात. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेवर चढून दीडशे जीव वाचले, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ते झाड अजून दाखवितात.

त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर झाले. नदीचा पूर अडविण्यास ते समर्थ आहेत. परंतु २०२० चे पाणी मुख्यतः त्यांच्या खालच्या अंगाला, वस्तीच्या माथ्यावरच पडले. ते सामावून घ्यायचे ते शहरातील तलावांनी. त्यांतील कित्येकांच्या पोटात घरे उभी राहिली होती. पाण्याने आपली जुनी जागा शोधली, बांध फुटले, आणि माणसे रात्रभर गच्च्यांवर बसून राहिली. या वेळी चिंचेचे झाड जवळ नव्हते.