संघाच्या पगारावरची बातमीदार

(चामटोली येथे मुलींच्या कबड्डी सामन्यांच्या निमित्ताने झालेल्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. – संपादक)



मला ‘खेळ आणि प्रसारमाध्यमं’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय अवाढव्य आहे. मी त्यातला एकच कोपरा घेणार आहे, कारण तो मी आतून पाहिला आहे. खेळाची बातमी लिहिणारी बाई किंवा बुवा जर त्या संघाच्याच पगारावर असेल, तर त्या बातमीचं काय होतं? आणि त्याचा आपल्या मुलींशी संबंध काय?

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी बदलापूरची. शाळेत कबड्डी खेळले, पुढे एका स्थानिक वर्तमानपत्रात चार वर्षं बातमीदारी केली आणि नंतर दोन हंगाम एका लीगमधल्या महिला संघाकडे नोकरी केली. संघाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. कमीअधिक फरकाने सगळीकडे हेच चालतं. कागदावर माझं पद काहीतरी भारदस्त इंग्रजी होतं. काम मात्र बातमीदाराचंच. सरावाला जायचं, खेळाडूंशी बोलायचं, सामन्याचं वर्णन लिहायचं, मुलाखती घ्यायच्या. फरक इतकाच की लिहिलेलं आधी व्यवस्थापकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जायचं. तिथून अंगठा आला की मग ते बाहेर पडायचं.

त्या नोकरीला मी नावं ठेवणार नाही. पगार महिन्याच्या महिन्याला व्हायचा. वर्तमानपत्रात मला बातमीमागे पैसे मिळत, तेही आठवण करून दिल्यावर. रात्री उशिरा सामना संपला तरी संघाच्या बसमधून मी सुखरूप मुक्कामी पोचायची. वार्ताहर असताना शेवटची कर्जत लोकल गाठायला धावत असे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलींच्या खेळाला जागा होती. वर्तमानपत्रात मुलींच्या सामन्याला चार ओळी, त्याही जाहिरात आली की उडायच्या. इथे मी एकेका चढाईपटूवर पानभर लिहिलं. तिचं गाव, तिची आई, पहिले बूट कोणी घेऊन दिले, सगळं. तेव्हा ‘विकली गेलेली लेखणी’ वगैरे शिव्या कोणी दिल्या की मला त्या फार स्वस्त वाटतात. दोन वर्षांत मी एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. कोणी लिहायला सांगितलंही नाही.

खरी मेख इथेच आहे. खोटं लिहायला सांगावंच लागत नाही. काय वगळायचं एवढं समजलं की भागतं, आणि ते फार लवकर समजतं.

एका मुलीचा गुडघा सरावात गेला. आतला अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रिया लागणार होती, आणि तिचा करार फक्त हंगामापुरता, त्यामुळे खर्च कोणी करायचा यावर घोळ सुरू झाला. मी लिहिलं, ‘सरावात जखमी झाल्याने उर्वरित सामन्यांना मुकणार.’ बाहेर पडलं ते असं, ‘तिला विश्रांती देण्यात आली आहे.’ आता सांगा, हे खोटं आहे का? विश्रांती तर ती घेतच होती, घरी, खाटेवर. पण तिच्या गावातल्या लोकांना वाटलं की पोरीला संघातून काढलं. आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला, तसाच करार करताना, गुडघ्याचा खर्च कोण करतं हे विचारायचं सुचलं नाही. सुचणार कुठून? तसं काही घडल्याचं कुठे छापूनच आलं नव्हतं.

हे एका लहान संघाचं झालं. देशातल्या सगळ्यात श्रीमंत क्रीडासंस्थेकडे पाहा. २००८ पासून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सुनील गावसकर आणि रवी शास्त्री या दोघांशी समालोचनासाठी स्वतःच करार केला. म्हणजे वाहिनी कोणतीही असो, सामन्याबद्दल आपल्याला सांगणाऱ्यांचा पगार मंडळ देणार. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इथे आला तेव्हा त्यांचे जुने कर्णधार इयान चॅपेल यांनी समालोचनाचं काम नाकारलं. संघनिवड, पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचं नाही अशी अट होती, हे त्यांनीच सांगितलं. २०१६ मध्ये आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांचं नाव यादीतून गेलं, आणि का गेलं हे आपल्याला कोणी सांगितलं नाही असं ते म्हणाले. २०२० मध्ये संजय मांजरेकरांना वगळलं. त्यांनी पुन्हा अर्ज करताना मंडळाच्या नियमांप्रमाणे काम करायची तयारी दाखवली. इतक्या नावाजलेल्या माणसांची ही गत, तर हंगामी करारावरच्या पोरीने काय करावं?

२०१७ च्या जूनमध्ये रामचंद्र गुहा यांनी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीचा राजीनामा दिला, तेव्हा पत्रात हाच मुद्दा काढला होता. गावसकर खेळाडूंचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीचे प्रमुख आणि त्याच खेळाडूंवर मंडळातर्फे समालोचनही करणार, हे कसं चालतं, असा त्यांचा सवाल होता. त्या समितीत आपल्या मुंबईच्या डायना एडलजीही होत्या. बायकांचा संघ आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करायचा त्या काळातल्या त्या खेळाडू.

कोणी म्हणेल, पूर्वीची वर्तमानपत्रं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? खरं आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या वार्ताहरांचा रेल्वेचा आणि हॉटेलचा खर्च कित्येक वर्षं संघच करत असत. आता तिथल्या लीगने आपल्या संकेतस्थळासाठी प्रत्येक संघामागे स्वतःचा वार्ताहर नेमला. त्यांच्या बातम्यांखाली बरीच वर्षं एक ओळ छापत, की या मजकुराला लीगची किंवा संघाची मंजुरी घेतलेली नाही. अशी ओळ छापावी लागते यातच काय ते आलं. आपल्याकडे तर ती ओळही नाही.

आता बायकांच्या क्रिकेटवर येते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मंडळाने जाहीर केलं की महिला खेळाडूंना पुरुषांइतकंच सामन्याचं मानधन मिळणार. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. चांगला निर्णय, मी टाळ्या वाजवल्या, आजही वाजवते. मंडळाच्या पगारावर मी असते तर मीही ‘समान मानधन’ असाच मथळा दिला असता. पण हे मानधन सामन्यामागचं आहे. वार्षिक करार वेगळा. २०२४-२५ च्या करारांत पुरुषांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीला ७ कोटी आणि बायकांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीला ५० लाख. शिवाय सामने किती मिळतात, हा प्रश्न उरतोच. सामनाच नसेल तर सामन्याचं मानधन कशाचं? हे शेवटचं वाक्य बाहेरचा वार्ताहर लिहू शकतो. आतला लिहीत नाही.

याहून बोलका प्रसंग आहे. ८ मार्च २०२०, महिला दिन. मेलबर्नच्या मैदानावर ८६,१७४ प्रेक्षकांसमोर आपल्या मुली टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळल्या आणि हरल्या. उपविजेत्यांचं बक्षीस ५ लाख डॉलर. वर्ष उलटून गेलं तरी ती रक्कम खेळाडूंच्या हाती पडली नव्हती. ही बातमी मे २०२१ मध्ये दिली कोणी? लंडनच्या ‘टेलिग्राफ’ने. त्यानंतर मंडळाकडून खुलासा आला की आठवड्याभरात पैसे मिळतील. आपल्या मुलींचे पैसे अडकल्याची बातमी सातासमुद्रापलीकडून यावी, हे मला लागलं. मंडळाचं स्वतःचं संकेतस्थळ, स्वतःचे कॅमेरे, स्वतःची लिहिणारी माणसं होती. खेळाडूंच्या गमतीजमती आपल्याला रोज दिसत होत्या. पैशाचं कोणी बोललं नाही.

पैशाचं तरी परवडलं. बाईच्या अंगाला कोणी हात लावला तर?

२०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल संघ युरोपात गेला होता. तिथे एका प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाची तक्रार झाली. महासंघाचं पहिलं अधिकृत निवेदन आलं त्यात ‘गैरवर्तनाचा एक प्रकार’ घडला आणि ‘संबंधित व्यक्तीला’ निलंबित केलं, एवढंच होतं. कारवाई झाली, हे मान्य. पण ते निवेदन वाचून एखाद्या आईला काय कळलं असतं? कोणी उशिरा आलं, की कोणी भांडलं?

स्पेनमध्ये तर कहरच झाला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि पदकं देताना महासंघाच्या अध्यक्षाने जेनी हर्मोसो या खेळाडूचं डोकं धरून तिच्या ओठांचं चुंबन घेतलं. सगळ्या जगाने पाहिलं. त्यानंतर महासंघाकडून वृत्तसंस्थेला हर्मोसोच्या नावाने एक निवेदन गेलं, की हा आनंदाच्या भरात झालेला, दोघांच्या मर्जीचा प्रकार होता. ते शब्द तिचे नव्हतेच. हे तिने न्यायालयातही सांगितलं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या माजी अध्यक्षाला लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून दंड झाला. पण तो मधला कागद डोळ्यांसमोर आणा. कुठल्या तरी कचेरीत कोणीतरी बसून तो टाइप केला असेल. खेळाडूंच्या मुलाखती घेणारंच कोणीतरी, महिन्याच्या पगारावरचं. संघाच्या लिहिणाऱ्याला केवळ वगळायला सांगतात असं मी मघाशी म्हटलं. वेळ आली तर बाईच्या तोंडी वाक्यही घालायला सांगतात.

उलट उदाहरणही सांगते. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेचं मुख्यालय इंडियानापोलिस शहरात. त्याच शहरातल्या ‘इंडियानापोलिस स्टार’ या दैनिकाने २०१६ च्या ऑगस्टमध्ये छापलं, की प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारी संघटना दडपून ठेवते. ते वाचून रेचल डेनहोलंडर या पूर्वीच्या खेळाडूने वर्तमानपत्राला पत्र पाठवलं, की माझ्यावर प्रशिक्षकाने नाही, संघाच्या डॉक्टरने अत्याचार केला. तिथून लॅरी नासर प्रकरण उघडं पडलं. २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून अधिक बायामुली न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. तिने संघटनेला नाही, वर्तमानपत्राला लिहिलं, हे लक्षात घ्या. लिहायला पत्ता होता म्हणून लिहिलं.

आणि अमेरिकेत कशाला जायला हवं? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, आईबापांना तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. त्या दिवसांत वार्तांकन करणाऱ्या एका बाईला माजी नगराध्यक्षाने अत्यंत घाणेरड्या भाषेत सुनावलं, अशी तिने तक्रार दिली आणि गुन्हा दाखल झाला. त्या गर्दीत ती उभी होती कारण ती ना शाळेच्या पगारावर होती, ना पुढाऱ्याच्या.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा मी रडले. आता बायकांच्या खेळात पैसा येणार, कॅमेरे येणार. तुमच्यातल्या काहीजणींना संघ घेतील, काहीजणींना त्या संघांत लिहिण्याची, फोटोची नोकरी मिळेल. जरूर करा. फक्त करारावर सही करण्याआधी तो वाचा, ‘संघाची प्रतिमा’ हा शब्द कुठे आहे ते पाहा आणि त्याचा अर्थ कोण ठरवणार ते विचारा. आणि संघाच्या पानावर आलेल्या कौतुकालाच बातमी समजू नका. उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा केल्यावर जेमिमा रॉड्रिग्जने आपण रोज रडत होतो, मनावर ताण होता हे उघड सांगितलं. समोर बाहेरचे पत्रकार होते, म्हणून ते जसंच्या तसं आपल्यापर्यंत आलं. मध्ये अंगठा देणारं कोणी नव्हतं.

आपण आपल्यापुरतं एक काम ठरवलं आहे. पुढच्या सामन्यांना संघात न निवडलेल्या दोघीतिघी वही घेऊन बसतील. गुण तर लिहायचेच. पण कपडे बदलायला खोली होती का, प्यायचं पाणी, संडास, घरी कोणी सोडलं, कोणाला लागलं आणि औषधाचे पैसे कोणी दिले, हेही लिहायचं. वहीचा आणि पेनाचा खर्च मंडळाकडून घ्यायचा नाही, तो आपण वर्गणीतून करू. मघाशी चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं, “ताई, सरांबद्दल काही लिहिलं तर पुढच्या वेळी मला टीममध्ये घेतील का?” घेणार नाहीत असंही होऊ शकतं. म्हणून वहीत लिहिणारीचं नाव घालायचं नाही, आणि वही खेळाशी, मंडळाशी, निवडणुकीशी काही देणंघेणं नसलेल्या बाईकडे ठेवायची. तसं नाव सुचवायचं असेल तर आज निघण्यापूर्वी माझ्याकडे द्या.