कमी उजेडातले फोटो आणि परवडणारी लेन्स
(इंदूर येथे मंडळाच्या मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. बँकेतून निवृत्त झालेला हौशी माणूस आहे. पण मंडळाने जुना कॅमेरा विकून नवा घ्यावा, असा एक प्रस्ताव आला आहे आणि त्यावर मी चार शब्द बोलावे असं कार्यवाहांनी सुचवलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॅमेरा राहू द्या, लेन्स बदला. का, ते आता सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी याच सभागृहात गणेशोत्सवात नाट्यसंगीताचा कार्यक्रम झाला होता. माझी आत्या त्यात गायली. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी तिने इथल्या हौशी नाटकांत कामं केली होती, मग संसारात सगळं सुटलं. कित्येक वर्षांनी ती पुन्हा रंगमंचावर बसणार म्हणून मी नवा कोरा कॅमेरा घेऊन आलो होतो. गाणाऱ्यांना त्रास नको म्हणून फ्लॅश बंद ठेवायला सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. मी दोनशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसत होते. घरी संगणकावर उघडले, तर तान घेताना उचललेला हात म्हणजे नुसता पांढरा फराटा आणि चेहरा पुसल्यासारखा. एकच फोटो स्वच्छ आला. गाणं संपल्यावर हात जोडून ती क्षणभर थांबली, तो. पुढच्या फेब्रुवारीत आत्या गेली. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. चांगला आहे. पण गातानाचा एकही नाही.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. चूक माझ्या अज्ञानाची होती.

याच इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करताना लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला, पुढे ते हैदराबादला निजामाचे फोटोग्राफर झाले. त्या काळी काचेच्या प्लेटवर फोटो घ्यायचा, तर समोरच्याला "हलू नका" असं बजावावं लागे. आज आपण गाणाऱ्याला, नाचणाऱ्याला तसं सांगू शकत नाही. त्यामुळे शटर झटकन उघडून झटकन मिटलं पाहिजे आणि तेवढ्या वेळात पुरेसा उजेड आत आला पाहिजे.

उजेड आत येतो तो लेन्समधल्या छिद्रातून. लेन्सवर एफ ३.५, एफ ५.६ असे आकडे लिहिलेले असतात ना, ते या छिद्राचं माप. आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. ५० मिलिमीटरवर एफ ५.६ म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरचं छिद्र आणि एफ २.८ म्हणजे सुमारे १८ मिलिमीटरचं. व्यास दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणजे उजेडही चौपट.

कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स झूम वाढवली की एफ ५.६वर येते. आपल्या सभागृहात आयएसओ ३२०० ठेवलं, तर मला शटर मिळत होतं १/३० सेकंद. त्यात गाणाऱ्याचा हात हलणारच. तिथेच एफ २.८ची लेन्स असती तर १/१२५ मिळालं असतं. आयएसओ ६४०० केलं असतं तर १/२५०. फोटोत थोडे दाणे दिसले असते, पण आत्या गाताना दिसली असती. अशा लेन्सला फास्ट म्हणतात ते यासाठीच. पूर्ण झूमभर एफ २.८ कायम राहतं, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

इथे एक गैरसमज दूर करतो. दुकानदार सांगतो, "साहेब, यात स्टॅबिलायझर आहे, अंधारात फोटो हलणार नाही." अर्धं खरं आहे. स्टॅबिलायझर आपल्या हाताची थरथर सांभाळतो. समोरच्याची हालचाल तो थांबवू शकत नाही. गाभाऱ्यातल्या समईचा फोटो १/१५वर सुद्धा स्वच्छ येईल, पण लेझीम खेळणारी मुलगी पुसटच येईल. तिच्यासाठी शटरच वेगवान हवं.

आता निवड कशी करायची? जाहिरात बघण्याआधी आपलेच जुने फोटो बघा. प्रत्येक डिजिटल फोटोत तो किती मिलिमीटरवर काढला, छिद्र किती होतं, शटर किती होतं, हे सगळं नोंदलेलं असतं. मी माझे बिघडलेले फोटो तपासले. बहुतेक ३० ते ५५ मिलिमीटरमधले निघाले. म्हणजे मला लांब पल्ल्याची लेन्स नको होती, त्याच पल्ल्यात जास्त उजेड हवा होता. हा हिशेब केला नसता तर मी ७०-२००च्या मागे लागलो असतो. २०० मिलिमीटरवर एफ २.८ म्हणजे ७१ मिलिमीटर व्यासाचं छिद्र, त्यामुळे ती लेन्स जड आणि महागच असणार. त्यापेक्षा कार्यवाहांना विनंती करून पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची मागावी. ती फुकट मिळते.

मंडळाच्या कॅमेऱ्यासारख्या, लहान सेन्सरच्या डीएसएलआरसाठी परवडणाऱ्या लेन्स मुख्यतः दोन. टॅमरॉनची १७-५० एफ २.८ ही २००६ची. हलकी आणि स्वस्त, पण फोकस करताना आवाज करते. शांत मैफलीत तो शेजारच्याला ऐकू जातो. दुसरी सिग्माची १७-५० एफ २.८, २०१०ची. वजन साधारण ५६५ ग्रॅम, स्टॅबिलायझर आहे, फोकस शांत आहे. सिग्माचीच १८-३५ एफ १.८ ही २०१३मध्ये आली. उजेड आणखी सुमारे अडीचपट, पण वजन ८१० ग्रॅम आणि पल्ला ३५वरच संपतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांपैकी सोनी आणि फुजीसाठी सिग्माची १८-५० एफ २.८ आहे, वजन फक्त २९० ग्रॅमच्या आसपास. तिच्यात स्टॅबिलायझर नाही. टॅमरॉनच्या १७-७०मध्ये तो आहे, पण ती ५२५ ग्रॅमची.

आणि ज्यांच्याकडे एवढेही पैसे नाहीत त्या मुलांसाठी सांगतो, ५० मिलिमीटर एफ १.८ची साधी लेन्स घ्या. एफ ५.६च्या मानाने सुमारे दहापट उजेड. झूम नाही, पायांनी पुढे-मागे व्हायचं. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांचे फोटो काढायला ती उत्तम, कारण रस्त्यावर आपण हिंडू शकतो. सभागृहात एका खुर्चीत बसून काढायचे असतील तर मात्र झूम हवा.

मी माझी सिग्मा जुनी घेतली, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. त्याआधी एकदा फसलो होतो. एका ओळखीच्या माणसाकडून जुनी टॅमरॉन घेतली. ती माझ्या निकॉनवर बसली, पण आपोआप फोकसच होईना. लेन्सची ती आवृत्ती बिनमोटरची होती आणि माझ्या कॅमेऱ्यातही मोटर नव्हती. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांना हा प्रश्न येतो. म्हणून जुनी लेन्स नेहमी स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघावी.

आणखी काय बघायचं? मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, हात जोडून परत द्या. बारीक धुळीचे चार कण असले तर घाबरू नका. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा तिपाईवर त्याच्या अगदी समोर ठेवा आणि एफ २.८वर फोटो काढा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ आले तर चालतं. एकच कोपरा पुसट आला, तर आतलं भिंग सरकलेलं असण्याचा संभव आहे. जवळ आणि लांब, दोन्हीकडे दहा-दहा वेळा फोकस करून बघा. घाई करणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

घेतल्यावर पावसाळ्यात तिला चामड्याच्या पिशवीत कोंडून कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. आणि अधूनमधून वापरा.

शेवटी एक सावधगिरी. एफ २.८ मिळालं म्हणून प्रत्येक फोटो त्यावर काढू नका. गेल्या वर्षी सत्कारानंतरच्या सामूहिक फोटोत मी तेच केलं. पुढची रांग झकास आली आणि मागच्या रांगेतल्या सगळ्या आज्या धुक्यात गेल्या. अजून बोलणी खातो आहे. उभ्या माणसांना एफ ५.६ आणि सगळे दिवे लावा.

तर अध्यक्ष महाराज, प्रस्तावाबद्दल माझं मत एवढंच. नवा कॅमेरा जास्त आयएसओवर थोडा बरा फोटो देईल, हे मी मान्य करतो. पण त्याच्यापुढे तीच एफ ५.६ची लेन्स लावली तर चौपट उजेडाची तूट तशीच राहील. त्या पैशाच्या काही भागात एक चांगली जुनी लेन्स येईल. उरलेल्या पैशात एक तिपाई आणि तो डबा घ्या. लेन्स मंडळाच्या नावावर ठेवा आणि मागे उभ्या असलेल्या दोन मुलांच्या हाती द्या. शिकवायला मी तयार आहे.

यंदा दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ मंडळींचा गाण्याचा कार्यक्रम आहे. त्यातल्या प्रत्येकाचा एक तरी गातानाचा फोटो त्यांच्या घरी पोचावा, एवढीच इच्छा आहे.