वजन कुठं ठेवायचं

आमच्या लहानपणी मालवणात फिरणारं खेळणं म्हणजे सावंतवाडीच्या चितारआळीतला लाखेच्या रंगांचा भोवरा. सगळा लाकडाचा, धातू तेवढा टोकाच्या लोखंडी आरीपुरता. पण आर वाकडी बसली की भोवरा थरथरायचा, सरळ बसली की इतका शांत फिरायचा की थांबलाय असंच वाटावं.

माझे वडील जहाजावर फिटर होते. 1980 साली सुट्टीवर येताना त्यांनी जहाजाच्या लेथवर स्वतः कातलेला पितळी यो-यो आणला. यो-यो आपल्याला अगदीच परका नव्हे. 1770च्या सुमाराच्या एका राजस्थानी चित्रात एक स्त्री चकरी खेळताना दिसते. 1928 साली पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसानं कॅलिफोर्नियात कारखाना काढला आणि तीच चकरी यो-यो म्हणून जगभर पोचली.

पितळ फार जड. परतताना चकतीनं बोटावर असा टोला दिला की मी ती अंगणात फेकली. चार पाहुण्यांसमोर म्हणालो, ''दुकानातला का नाही आणलात?'' बाबा काही बोलले नाहीत. चकती उचलून त्यांनी खिशात टाकली.

परवा पुतण्यानं अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो दाखवला. वजन जेमतेम 65 ग्रॅम, पण तळाशी गेला की फिरतच राही. त्यानं समजावलं : पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, पोलाद पावणेआठ, टायटॅनियम साडेचार, अ‍ॅल्युमिनियम अवघं 2.7 पट. धातू हलका असला तर तेवढ्याच वजनात चकती मोठी करता येते, मध्यभाग पोकळ ठेवून वजन कडेला नेता येतं. आसापासून दुप्पट अंतरावर ठेवलेला ग्रॅम फिरणं टिकवायला चौपट उपयोगी. म्हणून काही यो-योंना अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि कडेला पोलादी कडं असतं. टायटॅनियम मजबूत, म्हणून भिंती पातळ ठेवता येतात. फरशीला घासला तर ठिणग्याही उडतात. धातू बदलला की हाताला लागणारा झटका, आवाज, सगळंच बदलतं.

मला बाबांची पत्र्याची ट्रंक आठवली. ते जाऊन बरीच वर्षं झाली. तळाशी, तेलकट फडक्यात, ती पितळी चकती होती. माझ्या आठवणीतली चकती सपाट, भरीव होती. ही दोन्ही बाजूंनी आतून खोल कोरलेली. कड तेवढी जाड राखलेली. लेथच्या बारीक रेघा अजून बोटाला लागतात. पुढच्या सफरीत त्यांनी ती पुन्हा लेथवर चढवली असणार. परत आले तेव्हा मी क्रिकेटच्या नादात होतो. त्यांनी दाखवली नाही, मी विचारलं नाही.

नवी दोरी बांधून ती खाली सोडली. अ‍ॅल्युमिनियमइतकी नाही, पण चांगली फिरली. परत हातात आली तेव्हा बोटाला मुळीच लागली नाही.