प्रश्न विचारा, मग थांबा

साक्री, पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर या भागातल्या शाळांमध्ये शिक्षकांबरोबर काम करताना एक तक्रार माझ्या कानावर सारखी येते : "मॅडम, पोरांना शिकायची इच्छाच नाही." तक्रार करणारे शिक्षक कामचुकार नसतात. त्यांच्या वर्गात भिंतीवर तक्ते असतात, फळ्यावर नीटस अक्षर असतं. आपल्या धुळे जिल्ह्यात तर गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल केल्या. पडद्यावर चित्र हलतं, आवाज येतो, तरीही मुलं गप्पच. आज मला या गप्प बसण्याविषयी बोलायचं आहे. शिकण्याची ओढ लावायला पैसा न लागणारं एक साधन प्रत्येक शिक्षकाजवळ आहे, ते म्हणजे प्रश्न. पण आपण तो घाईने विचारतो, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो.

"समजलं का?" हा आपल्या वर्गांत सारखा विचारला जाणारा प्रश्न. त्यावर सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. या होकारातून शिक्षकाला काहीच कळत नाही. ज्याला समजलेलं नाही त्याला नेमकं कुठे अडलं हे सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी सगळ्यांसमोर उभं राहून "नाही समजलं" म्हणायला मोठं धाडस लागतं. पाचवीच्या वर्गातली बेरीज घ्या. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. एक मुलगी लिहिते, दोन सप्तमांश. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. आपण लगेच लाल फुली मारतो आणि रीत पुन्हा सांगतो. त्याऐवजी तिला विचारून पाहा, "हे कसं काढलंस?" तिने सांगितलं की म्हणा, "आता याच रीतीने अर्धी भाकरी अधिक अर्धी भाकरी करून दाखव." तिच्या रीतीने उत्तर येतं दोन चतुर्थांश, म्हणजे परत अर्धीच भाकरी! ती मुलगी स्वतःच थबकते. काहीतरी चुकतंय हे तिला तिच्याच हिशेबातून दिसतं, आणि मग बरोबर रीत कोणती हे जाणून घ्यायची घाई तिला होते. ओढ लागते ती अशी. तिच्या चुकीवर नुसती फुली मारली असती, तर ती वही मिटून बसली असती.

आता थांबण्याविषयी. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून ते बारकाईने ऐकलं. त्यांचे निष्कर्ष 1974 साली प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते. लगेच दुसऱ्याला विचारत किंवा उत्तर सांगून टाकत. मग काही शिक्षकांना तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबायला शिकवलं, प्रश्नानंतर आणि मुलाचं उत्तर संपल्यानंतरही. उत्तरं लांबली, "माहीत नाही" म्हणणारे कमी झाले, मुलं आपणहून बोलू लागली, एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागली. आणि ज्यांना शिक्षक कच्चे समजत होते, तेही उत्तरं देऊ लागले. रो बाईंना आणखी एक गोष्ट आढळली, ती मला फार अस्वस्थ करते. शिक्षक हुशार मुलांसाठी जास्त वेळ थांबत होते आणि कच्च्या मुलांसाठी कमी. ज्याला वेळेची गरज अधिक, त्यालाच वेळ कमी. हे मुद्दाम कुणी करत नाही. पण मुलाला ते बरोबर कळतं : या सरांना माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. एकदा हे कळलं की तो प्रयत्न सोडतो, आणि मग आपण म्हणतो, त्याला इच्छाच नाही.

आपल्या साक्री तालुक्यात या तीन सेकंदांचं मोल आणखी मोठं आहे. पूर्वेकडच्या गावांत मुलं घरी अहिराणी बोलतात. पश्चिमेकडे, डोंगराच्या अंगाला, कोकणी, मावची, भिली बोलणारी लेकरं आहेत. शिक्षक पुस्तकी मराठीत विचारतात. मुलाने तो प्रश्न आधी आपल्या बोलीत समजून घ्यायचा, बोलीत उत्तर शोधायचं आणि मग ते पुस्तकी मराठीत उभं राहून सांगायचं. एका सेकंदात हे कसं जमावं? म्हणून पहिलीदुसरीच्या वर्गात "तुला काय वाटतं?" याबरोबर "तुले काय वाटस?" असंही विचारा. "पानी कथाईन येस?" म्हटलं की मागच्या रांगेतलं पोरही मान वर करतं. उत्तर बोलीतच येऊ द्या, विचार नीट मांडून झाला की त्याच उत्तराला प्रमाण मराठीत आणता येतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही हेच आहे. मूल भीतीमुक्त असावं, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं आणि शक्य तिथे शिक्षण मातृभाषेतून व्हावं, असं त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा बोलीतलं उत्तर हसण्यावारी नेऊ नका, आणि वर्गातल्या इतर मुलांनाही हसू देऊ नका.

प्रश्न कशावर विचारायचे? पुस्तकातल्या स्वाध्यायाबाहेर पाहा. साक्रीच्या मुलांच्या अवतीभवती प्रश्नांची रेलचेल आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्या पठारावरच का, खाली नदीकाठी का नाहीत? शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे. तिथल्या सौर पॅनेलांची तोंडं दक्षिणेकडे का? हा प्रश्न सहावीच्या वर्गात टाका आणि उत्तर सांगू नका. दर आठवड्याला दुपारी बाराला मैदानात काठी रोवून तिची सावली मोजायला सांगा, सावलीचं टोक कोणत्या दिशेला पडतं ते लिहून ठेवायला सांगा. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो हे मुलांना वहीतल्या आकड्यांत सापडेल.

पण माझा सगळ्यात आवडता विषय आहे फड. पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून लोकांनी चालवलेली ही पाणीवाटपाची पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी पाटकरी सोडतो, त्याने ठरल्या पाळीनेच पाणी द्यायचं. याची माहिती फळ्यावर पाच ओळींत लिहून देता येते आणि मुलं ती पाठही करतात. त्याऐवजी असं विचारा : "समजा, पाटाच्या तोंडाशी तुझं शेत आहे आणि अगदी शेवटी तुझ्या मामाचं. पाणी कमी आहे. तू काय करशील?" आधी शेजारच्याशी मिनिटभर बोलू द्या. मग ऐका. कुणी म्हणेल, आधी माझं भरणार. कुणी म्हणेल, निम्मं-निम्मं. "निम्मं मोजायचं कसं?" इथे गणित आलं. "सगळ्यांनी एकच पीक का घ्यायचं? एकाने ऊस लावला आणि बाकीच्यांनी बाजरी, तर काय होईल?" इथे शेती आली. "भांडण झालं तर कुणी मिटवायचं?" इथे नागरिकशास्त्र आलं. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी याचं उत्तर सांगणारे आजोबा असतात. "घरी जाऊन आजोबांना विचारून या" एवढा गृहपाठ दिला, तर दुसऱ्या दिवशी मुलं सर वर्गात यायच्या आधी बोलायला सुरुवात करतात.

ऊसतोडीला आईबापांबरोबर गुजरातेत गेलेली मुलं काही महिन्यांनी परत येतात, तेव्हा त्यांना "किती धडे बुडले?" हे सगळ्यांसमोर विचारू नका. ते त्यांना ठाऊकच असतं. त्यांना विचारा की उसाची मोळी कशी बांधतात, गाडीत किती मोळ्या मावतात, वजन कसं ठरतं. त्या दिवशी वर्गात त्या मुलाला जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं. बुडलेले धडे भरून काढायला ते मूल उद्या शाळेत यायला तर हवं ना!

एक सवय मात्र सोडायला हवी. आपण आधी नाव घेतो, "उठ रे, सांग," आणि मग प्रश्न विचारतो. नाव ऐकताच बाकीचा वर्ग सुटला! आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. तेच चार हात वर येत असतील तर सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहून एकदम पाटी वर धरायला सांगा. एका नजरेत वर्ग कळतो. दोन शिक्षकांवर चालणाऱ्या आपल्या छोट्या शाळांमध्ये हे फार कामाला येतं, कारण एका वर्गाला विचार करायला प्रश्न देऊन दुसऱ्या वर्गाकडे वळता येतं.

बक्षिसांविषयी थोडं. 1973 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांतल्या काहींना "चित्र काढलंत तर बक्षीस देऊ" असं आधी सांगितलं. पुढे त्या मुलांनी आपणहून चित्रं काढणं कमी केलं. पेन, वह्या, गुलाबपुष्प यांना माझा विरोध नाही, पण ओढ त्यांच्यामुळे लागत नाही. प्रत्येक उत्तराला "शाब्बास" म्हटलं तर त्या शब्दालाही किंमत राहत नाही. "तू सावली मोजायला काठी सरळ उभी आहे का हे आधी तपासलंस, हे चांगलं केलंस," असं नेमकं सांगा. आपण काय बरोबर केलं हे मुलाला त्यातून कळतं.

मुलांवर असा विश्वास टाकणं खानदेशाला नवं नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहात मुलांबरोबर राहिले, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढलं. विचार करा, दिवसभर शिकवून रोज हे लिहायचं! मुलं वाचतील, विचार करतील यावर इतका विश्वास असल्याशिवाय हे होत नाही. मुलांना तो विश्वास जाणवतो, आणि तो जाणवला की ती बोलतात.

आता आईबापांना एक विनंती. पोरगं शाळेतून आलं की आपण विचारतो, "आज काय शिकवलं?" उत्तर येतं, "काही नाही." उद्यापासून असं विचारा : "आज तू सरांना काय विचारलंस?" पहिले काही दिवस उत्तर "काहीच नाही" असंच येईल. रागावू नका, रोज विचारत राहा. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, उद्याच्या पहिल्या तासाला एकच करा. एक चांगला प्रश्न विचारा, मनातल्या मनात तीन अंक मोजा, आणि आजवर ज्याने कधी हात वर केला नाही त्याच्याकडे बघून थांबा.