जुन्या गाडीचा नवा सेल्फ



वसंत व्याख्यानमालेत संतचरित्रे होतात, इतिहास होतो, शेतीवर बोलले जाते. मोटारीच्या एका लहानशा भागावर तासभर बोलणार असे आम्ही कळविले, तेव्हा काहींना हसू आले असेल. परंतु ज्या गावाच्या उशाशी नगर-पुणे रस्ता आहे आणि ज्याच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे, त्या गावाला हा विषय परका नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती पुणे आणि नगर या दोन शहरांच्या दरम्यान. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने एक दोन आसनी वेगवान गाडी मांडली. तिचे नाव एक्सके १२०. ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर धावेल, म्हणून हे नाव. ही कंपनी २००८ साली आपल्या मुंबईच्या टाटांनी विकत घेतली, तेव्हा या गाडीशी आपले थोडे नातेही जुळले आहे. अशा जुन्या, जोरकस गाडीचा सेल्फ बदलून नवा बसवावा की नाही, बसवायचा तर कसा, हा आमचा आजचा विषय आहे.

सेल्फ म्हणजे काय हे सुप्यात कोणाला सांगायला नको. पुस्तकात त्याला स्टार्टर मोटर म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र ‘गाडी सेल्फ घेत नाही’ असेच म्हणतात, आणि तोच शब्द आम्हीही वापरू. तो येण्यापूर्वी गाडीच्या नाकात हँडल घालून ती फिरवावी लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने १९११ साली यावर तोड काढली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेचा सेल्फ आला. केटरिंगने त्याआधी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच चालावी लागते. क्षणभरच चालणाऱ्या मोटरीवर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी चालतो, कारण ती तापायच्या आत काम संपलेले असते. ही गोष्ट त्याने मोटारीसाठी वापरली. म्हणूनच सेल्फ दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे, असे जाणता मिस्त्री सांगतो. सेल्फ हा पहिलवान खरा, पण एका डावापुरता.

आपल्या जिल्ह्यानेही हा सगळा प्रवास पाहिला आहे. नगरच्या कायनेटिक कारखान्यातून १९७२ साली लूना निघाली, ती पायडल मारून सुरू होई. पुढच्या दशकात त्याच घराण्याची कायनेटिक होंडा आली आणि बटन दाबले की स्कूटर सुरू होऊ लागली. ज्यांना किक मारणे जड जाई, अशा कितीतरी स्त्रियांना आणि वयस्कांना त्या एका बटनाने रस्ता मोकळा करून दिला. तेव्हा सेल्फ ही चैनीची वस्तू आहे असे कोणी म्हणू नये.

आता आपल्या जॅग्वारकडे वळू. तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे, ३४४२ घनसेंटिमीटरचे. प्रत्येक सिलिंडरात जी हवा भरते ती आठ पट दाबली जाते. एवढे इंजिन थंडीत जाड तेलासकट फिरवायचे म्हणजे साधे काम नाही. त्या क्षणी सेल्फ ३०० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकतो. मोटारीच्या पुढच्या दिव्याचा ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर घेतो. म्हणजे साठ बल्ब एकदम पेटवावेत एवढी ही ओढ झाली! शिवाय या गाडीच्या बॅटऱ्या इंजिनाजवळ नाहीत. बसण्याच्या जागेमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून १२ व्होल्ट केलेले असतात. वीज तेथून लांबलचक केबलने पुढे यायची आणि गाडीच्या लोखंडातून परत जायची.

रोगाचे मूळ पुष्कळदा याच वाटेवर सापडते. केबलच्या टोकाला गंज, अर्थच्या पट्टीखाली रंगाचा थर, लगमध्ये तुटलेल्या तारा, या सर्वांचा मिळून विरोध शंभरांश ओहम झाला असे धरा. अगदी नगण्य आकडा! पण ३०० अँपिअर त्यातून गेले की ३ व्होल्ट वाटेतच खपतात. भार पडल्यावर बॅटरीचे मूळचे १२ व्होल्ट १० वर आलेले असतात, त्यातले सेल्फच्या हाती ७ पोचतात. मग सेल्फ कण्हतो, मालक म्हणतो सेल्फ म्हातारा झाला, आणि नवा आणला जातो. पाट फुटला असता विहिरीला दोष देण्यासारखेच हे आहे.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, नवा सेल्फ घेण्याआधी व्होल्टमीटर घ्यावा. इग्निशन बंद ठेवून साथीदाराला सेल्फ मारायला सांगावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या जिवंत खुंटीवर आणि दुसरे सेल्फच्या खुंटीवर धरावे. तसेच बॅटरीची अर्थची खुंटी आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये धरून पाहावे. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर वाट निर्मळ आहे. जास्त आला तर काचकागद, पाना आणि थोडी जाड केबल एवढ्यावरच काम भागण्याचा संभव आहे. हीच परीक्षा आपल्या ट्रॅक्टरलाही लागू आहे, आणि तिला खर्च काहीच नाही.

वाट निर्मळ आहे, कार्बन आणि बुश ठीक आहेत, आणि तरीही गाडी दुपारी तापल्यावर सेल्फ घेत नाही, अशी तक्रार वेगवान गाड्यांच्या बाबतीत नेहमी ऐकू येते. कारण असे की तांबे तापले की विजेला अधिक अडवते. १०० अंशांनी तापमान चढले तर तांब्याचा विरोध सुमारे ४० टक्के वाढतो. मोठ्या इंजिनाची उष्णता आणि जवळून जाणाऱ्या धुराच्या नळ्या यांत सापडलेला सेल्फ अशा वेळी निम्म्या बळाने काम करतो. येथे मात्र नव्या धाटणीच्या सेल्फचा विचार करणे रास्त आहे.

नवा सेल्फ जुन्यापेक्षा लहान आणि हलका असूनही बलवान कसा? जुन्यात आर्मेचरच्याच दांड्यावर पिनियन असते. मोटर जितके फेरे घेते तितकेच पिनियन घेते. नव्यात दोहोंच्या मध्ये दातेरी चाके घातलेली असतात. मोटर साडेतीन-चार फेरे घेते तेव्हा पिनियनचा एक फेरा होतो. मोठा धोंडा हातांनी हलत नाही, पण पहार लावली की हलतो. हात लांबवर फिरतो आणि धोंडा थोडा सरकतो. तेच तत्त्व येथे आहे. लहान मोटर वेगाने फिरते आणि दातेरी चाके तो वेग खर्चून जोर विकत घेतात. मोटर लहान झाल्यामुळे ती धुराच्या नळ्यांपासून थोडी दूरही राहते. शिवाय जुन्या बेंडिक्समध्ये पिनियन फिरत्या मोटरीच्या धक्क्याने रिंगवर जाऊन आदळे. नव्यात सोलेनॉइड ते आधी हलकेच पुढे सरकवते आणि मग मोटर जोर लावते. आदळआपट थांबते.

येथपर्यंत सारे गोड आहे. परंतु दोन ठिकाणी भले भले ठेचकाळतात.

पहिले ठिकाण अर्थचे. आज आपण बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या अंगाला जोडतो. एक्सके १२० मध्ये, आणि त्या काळच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत, धन बाजू अंगाला जोडलेली असे. जुन्या सेल्फला याचे सोयरसुतक नव्हते. त्यात चुंबकही विजेच्या वेटोळ्यांचा आणि आर्मेचरही वेटोळ्यांचे. बाजू बदलली की दोन्ही एकदम बदलतात आणि वजा गुणिले वजा अधिक होऊन मोटर त्याच दिशेने फिरते. नव्या सेल्फमध्ये मात्र पुष्कळदा कायमचे चुंबक बसवलेले असतात. ते विजेबरोबर बदलत नाहीत. तो सेल्फ धन अर्थाच्या गाडीत तसाच जोडला तर मोटर उलटी फिरते, तिच्यातला एकाच दिशेने पकडणारा क्लच सुटतो, आणि सेल्फ नुसता घुमत राहतो. मालक दुकानदाराला बोल लावतो आणि दुकानदार मिस्त्रीला! म्हणून घेतानाच विचारावे की हा धन अर्थासाठी चालेल काय. नसेल तर सगळ्या गाडीची अर्थ बदलावी लागते, आणि मग डायनामोला नव्या बाजूची सवय लावणे, कॉइलच्या तारा अदलाबदल करणे, अँपिअरमीटर फिरवणे, ही कामे क्रमाने आलीच.

दुसरे ठिकाण रिंगचे. फ्लायव्हीलवरची रिंग तापवून बसवलेली असते, जशी आपला लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव बसवतो तशीच. सहा सिलिंडरांचे इंजिन बंद पडताना बहुतेक ठरावीक तीन जागीच थांबते. त्यामुळे रिंगचे दाते त्या तीन जागीच झिजतात आणि बाकीचे कोरे राहतात. नवा सेल्फ बसवूनही कधी लागतो आणि कधी खरखरतो, असे झाले तर गुन्हेगार रिंग आहे असे समजावे. सेल्फ काढलेला असतानाच त्या भोकातून इंजिन हाताने फिरवून सर्व दाते पाहून घ्यावेत, मोजून घ्यावेत, आणि नव्या पिनियनशी ते जुळतात की नाही ते ठरवावे.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य प्रश्न. जुन्या गाडीत नवा भाग घालावाच काय? एक पक्ष म्हणतो की गाडी हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, त्यात खाडाखोड नको. दुसरा म्हणतो की जी सुरूच होत नाही ती गाडी कसली, ते तर पत्र्याचे चित्र. आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात जुने रणगाडे स्तब्ध उभे आहेत आणि त्यांची ती स्तब्धता शोभते, कारण त्यांचे काम संपले आहे. रस्त्यावर चालवायची म्हणून जपलेल्या गाडीचे तसे नाही. तिला चढावर, उन्हात, भर गर्दीत पुन्हा सुरू व्हावेच लागते. नाही तर मागून येणाऱ्या मालमोटारीपुढे तिचा आणि आतल्या माणसांचाही जीव धोक्यात येतो.

आमचे मत असे की बदल करावा, पण परतीची वाट राखून करावा. नव्या सेल्फसाठी इंजिनाच्या अंगाला नवे भोक पाडू नये. मूळची तार कापू नये. जोडतार स्वतंत्र करावी. जुना सेल्फ भंगारात घालू नये. तो साफ करून, तेलकागदात गुंडाळून, कोणत्या गाडीचा आणि कधी काढला याची चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा. पुढच्या मालकाला तो परत बसवावासा वाटला तर अर्ध्या दिवसात बसला पाहिजे. आज आपल्याला जे शहाणपण वाटते ते पन्नास वर्षांनी शहाणपण ठरेलच असा भरवसा कोणी द्यावा? आपण ज्याचे राखणदार आहोत त्यात सुधारणा करण्याचा हक्क आपल्याला आहे. पुढच्याचा तोच हक्क काढून घेण्याचा मात्र नाही.

आणखी एक गोष्ट त्या पेटीबरोबर जपली पाहिजे. आर्मेचर पुन्हा गुंडाळणारा, कार्बन घासून बसवणारा, आवाजावरून बुश गेला की नाही हे सांगणारा मिस्त्री रस्त्याकडेच्या टपरीत अजून भेटतो. काढून फेका आणि नवा लावा, ही रीत सोपी असली तरी तिच्यात त्याची विद्या मरते. वसाहतीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना विनंती अशी की, नवे यंत्र जरूर शिका, पण सुटीच्या दिवशी अशा एखाद्या मिस्त्रीपाशी तासभर बसा. नव्या सेल्फमध्ये जी वीज धावते तीच जुन्यातही धावत होती, आणि ती समजणारा माणूस दोन्ही दुरुस्त करू शकतो.